इनेस आणि सावलीचा कायदा

इनेस,

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तुझा फोन यायचा. तुझ्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ. गावातलं क्लिनिक आवरून तू गाडीत बसलेली असायचीस आणि घरी पोचेपर्यंत माझं डोकं खायचीस. त्या रविवारी फोन आला नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. वेळ पाळणं तुला कधी जमलंच नव्हतं. मी मशीनमधले कपडे काढून मागच्या अंगणात वाळत घातले. नेल्सन लॉन कापत होता. रिया आत पियानोवर एकच ओळ घोटत बसली होती. सिडनीतल्या टूनगॅबीतला आमचा नेहमीचा रविवार.

तीनच्या पुढे बेतोचा मेसेज आला. तुझा भाऊ मला एरवी फक्त नाताळला शुभेच्छा पाठवतो. हा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज होता, सगळा स्पॅनिशमध्ये. दोरीवरच्या चादरीपाशी उभी राहून मी तो ऐकला. तुझं नाव कळलं. 'मामा' कळलं. 'क्लिनिका' कळलं. आणखी एक शब्द कळला होता, पण तो मला कळलेला नाही असं मी ठरवलं आणि मेसेज पहिल्यापासून पुन्हा लावला.

मग त्याला फोन केला. त्याचं इंग्रजी मोडकं, त्यात तो रडत होता. क्लिनिक संपलं होतं, तू खुर्च्या रचून ठेवल्या होत्यास, गाडीचं दार उघडलं होतंस. दोन माणसं आली. एवढंच तो सांगू शकला, आणि त्याहून जास्त आजही कोणाला ठाऊक नाही. तुला मारणाऱ्यांपैकी कोणाला पकडलेलं नाही.

तुझी जन्मतारीख, तुझ्या पदव्या, किती मतांनी निवडून आलीस, हे सगळं तिकडच्या पेपरांनी छापलंय. मी ते लिहीत नाही. मध्य अमेरिकेतल्या तुझ्या त्या इवल्याशा देशाचं नावही लिहीत नाही. तुझी आई आणि बेतो अजून तिथेच राहतात, आणि हल्ली कागदावर काही उतरवताना मला आधी ती दोघं आठवतात. मराठीत लिहितेय, जी तुला 'भूक लागली' आणि 'गप्प बस' यापलीकडे कधी आली नाही. आधी इंग्रजीत लिहायला बसले होते. पण इंग्रजीत मी रोज पुढच्या शिफ्टसाठी पेशंटचे हँडओव्हर लिहिते, आणि दोन ओळींतच तू पेशंट व्हायला लागलीस.

तुला आठवतं का, पहिल्या दिवशी तू माझ्याशी सलग पाच मिनिटं स्पॅनिशमध्ये बोललीस? वॉलॉंगॉंगला, युनिव्हर्सिटीजवळच्या त्या चार खोल्यांच्या शेअर हाऊसमध्ये. मला वसईहून येऊन आठवडाही झाला नव्हता. नर्सिंग करून आले होते, पण इथलं रजिस्ट्रेशन मिळवायला पुन्हा शिकत होते. घरमालकिणीनं फ्रिजवर सगळ्यांची नावं चिकटवली होती. तू 'सेलिन परेरा' वाचलंस, माझा रंग बघितलास, आणि तुझी खात्रीच पटली की देवानं तुझ्यासाठी गाववाली पाठवली. मी नुसती मान हलवत राहिले. शेवटी सांगितलं की मी इंडियातून आलेय. तू इतकी हिरमुसलीस की मलाच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटलं.

मग तू खोदून खोदून विचारत बसलीस, की इंडियातल्या बाईचं आडनाव परेरा कसं. मला पोर्तुगीज, वसईचा किल्ला, आमच्या पणजोबांच्या पणजोबांचे बाप्तिस्मे, सगळं पुराण सांगावं लागलं. जे मला स्वतःला नीट माहीत नव्हतं ते मी आईला फोन करून विचारलं. त्या महिन्यात आपण दोन्ही भाषांतल्या सारख्या शब्दांची यादी करत होतो. पाव, पपई, मेज. तुमच्याकडे 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणं, त्यामुळे आमचा 'पगार' ऐकून तू खुर्चीवरून पडायची बाकी होतीस. आणि मी सुके बोंबील भाजले तो दिवस. वरच्या खोलीतला ऑस्ट्रेलियन मुलगा खाली धावत आला, घरात काही मेलंय का म्हणून. "येस मेट, लंच," तू म्हणालीस, आणि माझ्या ताटातला अर्धा बोंबील तोडून तोंडात टाकलास.

तू तिकडे नर्स होतीस, स्कॉलरशिपवर पब्लिक हेल्थ शिकायला आली होतीस, एवढं मला माहीत होतं. वडील लहानपणीच गेले हेही. ते कसे गेले ते कळलं, तू आमच्या डायलिसिस युनिटला आलीस त्या दिवशी. तोवर मी हॉस्पिटलला लागले होते आणि तुला अभ्यासासाठी युनिट बघायचं होतं. स्टोयान त्या दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीत होता. पोर्ट केंब्लाच्या स्टीलच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेला मॅसेडोनियन म्हातारा. दंडात सुया, मांडीवर पेपर, आणि रेसच्या घोड्यांच्या नावांवर पेन्सिलीच्या खुणा. तू त्याच्या शेजारी उभी राहून बघत होतीस, की रक्त एका नळीतून जातं आणि दुसरीतून परत येतं. त्यानं तुला विचारलं, असं मशीन पहिल्यांदाच बघतेस का. तू म्हणालीस, नाही, पण चालू असलेलं पहिल्यांदाच बघतेय.

परतीच्या बसमध्ये तू सांगितलंस. वडील ऊसतोडणीला जायचे. जाळलेला ऊस, अंगभर काजळी, पात कापते म्हणून एकावर एक दोन शर्ट, आणि वर दुपारचं ऊन. फडात झाड नाही. पाणी म्हणजे पहाटे घरून नेलेली एक बाटली. डायबेटिस नाही, बीपी नाही, दारू नाही, आणि चाळिशीच्या आत दोन्ही किडन्या गेल्या. तुमच्या वस्तीत तसे कितीतरी बाप. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात एक मशीन होतं, ते बंद पडलेलं. वडील अंगणातल्या झोळीत पडून असायचे आणि तू अकरा वर्षांची पोर त्यांच्या पायांना तेल चोळायचीस, कारण खाज थांबत नव्हती.

ती खाज मला माहीत आहे, इनेस. मी ती रोज बघते. बसमध्ये मी तुझा हात धरून बसले, आणि आपला स्टॉप मागे गेला.

पुढच्याच आठवड्यात तू तो विषय काढलास ज्यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो. तू कुठेतरी वाचलं होतंस की महाराष्ट्रातही ऊसतोडीला माणसं जातात, बायकामुलांसकट, महिनोन्महिने. मला विचारलंस, त्यांच्या किडन्यांचं काय? मी म्हटलं, मला काय माहीत. ती मराठवाड्याकडची माणसं. आम्ही वसईचे. आमच्याकडे केळी, पानवेली, मासे.

"पण भाषा तुझीच ना?" तू म्हणालीस.

मी चिडले. तुझ्या वडिलांचं दुःख माझ्या अंगावर टाकू नकोस, असं काहीतरी बोलून गेले. तू भांडी घासत होतीस. वळलीही नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराच्या फटीतून एक रिसर्च पेपर आत सरकवलेला होता, पिवळ्या रेघा मारलेला. सॉरी म्हणण्याची तुझी पद्धत. तो मी तेव्हा वाचला नाही. खरं सांगायचं तर त्यानंतरही, जेव्हा जेव्हा तू तो प्रश्न विचारलास, तेव्हा मी विषय बदलला. तुझं म्हणणं होतं की जी गोष्ट आपल्याला कळते ती आपल्यावर येऊन पडते. माझं म्हणणं होतं, असं जगता येत नाही. मी आजही तेच म्हणेन. फक्त आता समोरून ओरडणारं कोणी नाही.

तुझं मास्टर्स संपलं, तू एका एज्ड केअरमध्ये लागलीस, तिथले म्हातारे तुझ्यावर खूश होते. माझं लग्न झालं, नेल्सनला पॅरामॅटाला बँकेत नोकरी होती म्हणून आम्ही टूनगॅबीला आलो. रियाच्या बाप्तिस्म्याला तू तिची मादरीन, म्हणजे धर्ममाता, झालीस. तुमच्याकडे माद्रिना. चर्चमध्ये माझ्या आईनं वसईहून आणलेलं लाल लुगडं तू हट्टानं नेसलीस, आणि फादर पाणी घालायला वाकले तेव्हा ते सुटू नये म्हणून मी मागून एका हातानं धरून ठेवलं होतं. मला वाटायचं, आता ही इथेच राहील. कायमचं राहायला पीआर मिळेल, एखादा शहाणा माणूस भेटेल, आमच्या घराजवळ घर घेईल.

रिया आठ महिन्यांची असताना तू सांगितलंस की परत जातेस. मी तुला भेटायला वॉलॉंगॉंगला आले. समुद्राकाठच्या गवतावर आपण चिप्स खात बसलो होतो आणि मी तुला वेड्यात काढत होते. कोणासाठी जातेस, तिथे तुला कोण विचारतं, एक नर्स जाऊन काय दिवे लावणार. तू ऐकून घेत होतीस. मग मी ते वाक्य बोलले. म्हटलं, तिथे जाऊन तू मरशील.

तू सीगलला चिप टाकलीस आणि म्हणालीस, "मरेन तर इथेही, सेली. पण इथे कंटाळून."

आपण दोघी हसलो. मी ते वाक्य रागात बोलले होते. त्याचा काही अर्थ नव्हता. माणूस कितीतरी गोष्टी अशा बोलतो. पण बेतोचा फोन ठेवल्यावर पहिलं आठवलं ते हे.

पुढची वर्षं मी फोनवरून ऐकली. तू वस्तीत दवाखाना सुरू केलास. दर शनिवारी ऊसतोड्यांचं रक्त तपासायचीस, वह्या भरायचीस. आधी नवरे गेलेल्या बायका जमल्या, मग त्यांचे भाऊ, मग कामावर जाणारी पोरं. साखर कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार दारूनं होतो. तू दारूला कधी न शिवलेल्या पन्नास माणसांना रांगेत उभं करून त्यांचे रिपोर्ट दाखवलेस. नेमकं कारण काय यावर शास्त्रज्ञ भांडत होते. तू म्हणायचीस, भांडू देत, तोवर सावली आणि पाणी द्यायला काय हरकत आहे. हे ऐकायला कोणी तयार होईना तेव्हा तू निवडणुकीला उभी राहिलीस. मी तुला मूर्ख म्हटलं. तू निवडून आलीस तेव्हा मी आणि रिया स्वयंपाकघरात नाचलो, तेही तुला सांगितलं नव्हतं.

संसदेत तुला 'नर्सबाई' म्हणायचे. तू उठलीस की कोणीतरी खोकून दाखवायचं, तपासा म्हणून. त्यांच्यात सगळ्यात जोरात खोकायचे डॉन रामिरो. मोठ्या माणसाला तुमच्याकडे मानानं डॉन म्हणतात. आमच्या नेल्सनच्या डोळ्यांसमोर मात्र दर वेळी पिस्तूलवाला माणूस यायचा. सत्तरीचे गृहस्थ, तीन पिढ्या उसाची जमीन, ऊसतोड्यांना सावली आणि पाणी देण्याच्या तुझ्या बिलाचे पहिल्या नंबरचे विरोधक.

तू काय केलंस? बिलाच्या समितीतल्या सगळ्यांना फडात बोलावलंस. अट एकच, ऊसतोड्याचे कपडे घालायचे आणि दुपारी एक तास उभं राहायचं. तोडायचंही नाही, नुसतं उभं राहायचं. दोघेच आले. त्यातले एक डॉन रामिरो, कारण त्यांना तुझी फजिती करायची होती. दोन शर्ट, जाड पँट, पायांना कोयत्यापासून वाचवणारे पत्रे, डोक्याला फडकं. वीस मिनिटांनी डॉन रामिरो खाली बसले. तू त्यांची नाडी धरलीस, पाणी पाजलंस, आणि एक शब्द बोलली नाहीस. हा प्रसंग मला सांगताना तू म्हणालीस, मी गप्प बसले हे लक्षात ठेव, हे माझ्याकडून पुन्हा होणार नाही.

ते त्या दिवशी सरळ गाडीत बसून गेले. नंतरच्या बैठकीला खोकले नाहीत, एवढंच.

तू काही देवी नव्हतीस. हे लिहिलंच पाहिजे, कारण आता तिकडे तुझे फोटो मेणबत्त्यांमागे लावलेत आणि त्यांत तू माझ्या ओळखीची दिसत नाहीस. रियाच्या अकरा वाढदिवसांपैकी सात तू विसरलीस. माझ्या पेशंटच्या गोष्टी मी तुला विश्वासानं सांगायचे आणि तू त्या भाषणात घालायचीस. नावं बदलून, पण मला न विचारता. कधीकधी वाटायचं की तू मैत्रिणीला फोन करत नाहीस, डायलिसिस नर्सला करतेस. हेही तुला एकदा तोंडावर सांगायचं होतं.

गेल्या वर्षी तू मला काहीतरी मागितलंस. तशी पहिल्यांदाच. समितीसमोर व्हिडिओवरून साक्ष दे, म्हणालीस. आकडे माझ्याकडे आहेत. मला कोणीतरी असं हवंय जे साध्या शब्दांत सांगेल की किडनी गेल्यावर माणसाचा मंगळवार कसा जातो. अर्धा तास. दुभाषी मी देते.

मी विचार करते म्हटलं. नेल्सन म्हणाला, दुसऱ्या देशाच्या भांडणात आपलं नाव कशाला, उद्या इंटरनेटवर कायमचं राहील. त्याच सुमारास युनिटमध्ये माझ्या प्रमोशनचा इंटरव्ह्यू होता. मी तुला सांगितलं की हॉस्पिटल परवानगी देणार नाही. तू विचारलंस, "विचारलंस का त्यांना?" मी म्हटलं, विचारून काय उपयोग, मला माहीत आहे.

तू मग म्हणालीस, "नो वरीज, मेट." अगदी इथल्या उच्चारात, जसं आपण शेअर हाऊसमध्ये एकमेकींना चिडवायला म्हणायचो. मला कळलं की तुला सगळं कळलंय.

त्यानंतर तीन रविवार फोन आला नाही. चौथ्या रविवारी आला, आणि तू बकऱ्यांबद्दल बोलायला लागलीस, तुझ्या आईच्या. जणू काही झालंच नव्हतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हा सॉरी म्हणायला हवं होतं. मी बकऱ्यांची चौकशी केली.

गेल्या हिवाळ्यात तुला धमक्या यायला लागल्या. हे तू एकदाच सांगितलंस, हवामान सांगावं तसं. दवाखान्याच्या दारावर कोणीतरी काहीतरी लिहून गेलं होतं, गाडीमागे गाडी येत होती. मी व्हिसाचं बघायला लागले. नेल्सननं आपणहून मागची खोली रिकामी केली, त्याचा ट्रेडमिल गॅरेजमध्ये नेऊन टाकला. हे तुला सांगितलं.

"तीन महिने तरी ये," मी म्हटलं.

"आणि शनिवारी कोण बसेल?"

"शनिवार गेला खड्ड्यात, इनेस."

"तू तुझं युनिट सोडून येशील? एक मंगळवार?"

मी पुन्हा व्हिसाचं काढलं. तू म्हणालीस, बिल पास झालं की येते, नाताळला, रियाला उंच झालेली बघायचीय. मी ते खरं मानलं. मागच्या खोलीत नवीन पडदे लावले.

तू गेल्यावर इथे काही झालं नाही. बातम्यांत तू आली नाहीस. सोमवारी मी कामावर गेले, सात पेशंट मशीनला लावले, सात काढले. लंचरूममध्ये कोणीतरी वीकेंड कसा गेला विचारलं आणि मी म्हटलं, गुड, क्वाएट. आमच्या रस्त्यावरचे जॅकरांडा ऐन भरात होते, सगळा फुटपाथ जांभळा. मला त्या झाडांचा राग आला.

महिन्यातून एकदा इथे चर्चमध्ये आमची मराठी मिस्सा होते, त्यात प्रार्थनेसाठी तुझं नाव दिलं. फादरना वाटलं लिहिताना चूक झालीये, आणि त्यांनी 'इनास' वाचलं. इनास म्हणजे आमच्या वसईत पुरुषाचं नाव, माझ्या काकांचंच. सत्तर-ऐंशी माणसांनी 'इनास' नावाच्या कोण्या पुरुषाच्या आत्म्याला शांती मागितली. मी रडता रडता हसायला लागले, आणि शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. घरी येताना रियानं मागच्या सीटवरून विचारलं, "ममा, डिड शी नो दे वुड डू इट?"

मी म्हटलं, भीती तर वाटतच असेल.

"देन व्हाय डिड शी गो एव्हरी सॅटर्डे?"

नेल्सननं आरशातून माझ्याकडे पाहिलं.  मी म्हटलं, लोक वाट बघत असायचे म्हणून. रियानं ते ऐकून घेतलं. तिला पटलं की नाही माहीत नाही. पण त्या रात्रीच्या जेवणानंतर तिनं मला विचारलं की इंडियातही असे लोक आहेत का. मी या खेपेला विषय बदलला नाही. मला माहीत नाही म्हटलं, आणि आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन वाचत बसलो. बीड, धाराशिव, कोयते, पालं. कामात खाडा नको म्हणून गर्भाशय काढायला लावलेल्या बायकांबद्दल ऐकून रियानं मध्येच लॅपटॉप बंद केला. तिला मराठी वाचता येत नाही म्हणून मी वाचून दाखवत होते, आणि माझ्याच भाषेतले कितीतरी शब्द मला अडले.

तुझ्यानंतर तीन आठवड्यांनी बेतोनं कळवलं की समिती पुन्हा बसतेय. बिल मागे घ्यावं असं काहींचं म्हणणं होतं, वातावरण तापलंय म्हणून. डॉन रामिरो नाही म्हणाले. त्यांनी तुझ्या फायली मागवून घेतल्या. त्यांत साक्षीदारांच्या यादीत माझं नाव होतं. नकार दिल्यावरही तू ते खोडलं नव्हतंस.

मी माझ्या मॅनेजरकडे गेले. दार लावून घेतलं, सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, पेशंटची नावं घेऊ नकोस आणि हॉस्पिटलतर्फे बोलतेय असं म्हणू नकोस, बाकी तुझा प्रश्न आहे. मग म्हणाली, "इज दॅट ऑल?" सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. मी बाहेर येऊन चादरी-टॉवेल ठेवायच्या लिननच्या खोलीत जाऊन बसले. गेल्या वर्षीही दोनच मिनिटं लागली असती.

साक्ष इथल्या सकाळी आठ वाजता होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, नेल्सन ऑफिसला उशिरा जाणार म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभा. मी मंगळवार सांगितला. पहाटे उठून येणं, वजन करणं, सुया, चार तास, त्यात पायांना येणारे गोळे. दिवसाला मोजून पाणी, आणि उन्हाळ्यात नळाच्या आवाजानं जीव कासावीस होणं. घरी जाऊन झोपणं आणि गुरुवारी पुन्हा तेच. मी म्हटलं, हे ज्यांना मशीन मिळतं त्यांचं. आणि मग खाजेचं सांगितलं.

दुभाष्याचं बोलून झालं. डॉन रामिरोंनी चष्मा काढला. त्यांनी विचारलं, खासदार इनेस यांनी तुम्हाला मागच्या वर्षी बोलावलं होतं, तेव्हा का आला नाहीत?

माझ्याकडे उत्तर तयार होतं, परवानगीचं. तोंडातून दुसरंच आलं. म्हटलं, "भीती वाटली."

त्यांनी दुभाष्याची वाट पाहिली नाही, त्यांना तेवढं इंग्रजी येत असावं. ते म्हणाले, "मलाही."

बिल अजून पास झालेलं नाही. मतदान पुढे ढकललंय, मग आणखी पुढे, आणि काही कलमं कापली जातील असं बेतो म्हणतो. शनिवारी क्लिनिकला आता तुझ्याकडे शिकलेल्या दोन मुली बसतात, दाराबाहेर एक पोलीस असतो. तुझी आई बरी आहे. मी तिला रविवारी फोन करते. तिला इंग्रजी येत नाही, माझं स्पॅनिश तू जाणतेसच. आम्ही एकमेकींना काय जेवलीस ते विचारतो आणि मग दोघीही फोन तसाच धरून बसतो.

इनेस, मी तुला नाही म्हटलं ते हॉस्पिटलमुळे नाही. मी खोटं बोलले. माझी चूक झाली. हे मला त्या चौथ्या रविवारी म्हणायचं होतं. आणि तू मला वीस वेळा चिडवलंस, वापरलंस, झोपेतून उठवलंस, त्याबद्दल थँक्यू. तुझ्याशिवायही मी चांगली नर्स झाले असते. कशासाठी ते कळलं नसतं.

परवा बेतोनं फोटो पाठवला. तोडणीचा हंगाम सुरू झालाय. कायद्याची वाट न बघता डॉन रामिरोंनी आपल्या जमिनीवर सोय केलीय. फोटोत चार बांबूंवर निळी ताडपत्री ताणलेली आहे, पाण्याचं पिंप आहे, आणि खाली दहाबारा माणसं. कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही. एक जण पायाचे पत्रे सोडवतोय. एक पाणी पितोय, आणि ते त्याच्या गळ्यावरून काजळी धूत खाली आलंय. आणि अगदी कडेला एक माणूस आहे, तिशीचाही नसेल. कोयता बाजूला ठेवून तो उताणा पडलाय, तोंड उघडं, गाढ झोपलेला. भर दुपारी, कामाच्या वेळी, सावलीत.

तुझी,
सेली